मुले खरोखर विसरतात काय?

दरवर्षी चैत्र लागला की आमच्या वर्गातील रिकामी बाके हळूहळू भरू लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांचे पट्टे पडतात, ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या बालाघाटाच्या वाटेला लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास आईबापांसमवेत ऊसतोडीस गेलेली मुले पाच-पाच महिन्यांनी पुन्हा शाळेच्या दारात येऊन उभी राहतात. हातांवर पाचटाचे ओरखडे असतात, उंची दोन बोटे वाढलेली असते, आणि फळ्याकडे पाहून त्यांच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघते : "सर, समदं इसरलं." आईबापही तेच म्हणतात. खेदाची गोष्ट ही की, आम्ही शिक्षकही तेच म्हणतो, आणि म्हणताना ते अगदी खरे आहे असे मानतो.

हे वाक्य खरे नाही असे सांगण्याकरिता आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे. आणि हे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे तो केवळ एवढ्याचसाठी की, ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतील एक मुलगा दिवाळीपूर्वी समीकरणे अशी झटपट सोडवी की, वर्गातील इतर मुले आपल्या वह्या त्याच्याकडून तपासून घेत. चैत्रात तो परत आला तेव्हा आम्ही त्यास फळ्यापाशी बोलाविले व एक साधे समीकरण घातले. खडू हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. "काय रे, सगळे फडातच ठेवून आलास वाटते ?" असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला, आम्हीही हसलो. तो मुलगा आणखी चार दिवस शाळेत आला, पुढे आला नाही, आणि जूनमध्ये त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. त्या दिवशी तो खरोखर विसरला होता की, जे आत होते ते बाहेर येण्यास त्यास थोडा अवकाश हवा होता, याचा विचार आमच्या मनात तेव्हा आला नाही. तो पुढे पुष्कळ दिवसांनी, वाचन करताना आला.

आपण सर्वजण मनास पाटीची उपमा देतो. लिहिले की उमटते, ओला बोळा फिरविला की पुसते. उपमा सोपी आहे, परंतु मेंदूची रचना तशी नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. एकेका पेशीस झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात आणि ती इतर हजारो पेशींशी संधान बांधून असते. तथापि या पेशी एकमेकींस प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी फट दोघींमध्ये राहते. स्पेन देशातील सान्तियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी निरनिराळ्या करून दाखविल्या, आणि १८९७ साली इंग्लंडातील चार्ल्स शेरिंग्टन याने त्यांच्या सांध्यास 'सिनॅप्स' हे नाव दिले. अलीकडची पेशी त्या फटीत एक रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवरील ग्राहके ते टिपून घेतात. आणि निरोप पुढे जातो.

आता शिकणे म्हणजे काय, तर हे सांधे बदलणे. १९७३ साली टिमथी ब्लिस व टेरिए लोमो या दोघांनी ओस्लो येथे केलेले सशांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूच्या आतल्या बाजूस, समुद्रघोड्याच्या आकारावरून ज्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात, असा एक भाग आहे. तेथील तंतूंतून त्यांनी विजेच्या सूक्ष्म लहरी झपाट्याने ओळीने पाठविल्या. त्यानंतर तोच सांधा तेवढ्याच निरोपास पूर्वीपेक्षा जोराने उत्तर देऊ लागला, आणि हा जोर कित्येक तास टिकला. पुढे असे कळले की, पलीकडच्या पेशीवर एक विशेष प्रकारचे ग्राहक असते व ते बँकेच्या लॉकरप्रमाणे दोन किल्ल्यांनी उघडते : अलीकडून रसायन आले पाहिजे आणि त्याच क्षणी पलीकडची पेशीही जागी असली पाहिजे. दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे कॅल्शियम आत शिरते आणि सांधा बळकट करण्याचे काम सुरू होते. शिक्षक बोलत आहेत आणि विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत आहे, अशा वेळी एकच किल्ली फिरते, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी मनात ठेवावे.

परंतु आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर एका समुद्री गोगलगायीपाशी आहे. एरिक कॅन्डेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने (त्यास २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले) आपले आयुष्य ॲप्लिसिया नामक गोगलगायीच्या अभ्यासात घालविले. तिच्या साऱ्या शरीरात अवघ्या वीस हजारांच्या आसपास मज्जापेशी असतात, आणि त्यांतील काही डोळ्यांनी दिसण्याइतक्या मोठ्या असतात. हा क्षुद्र प्राणीसुद्धा शिकतो. त्यास ओळीने चाळीस वेळा हलका स्पर्श केला तर 'या स्पर्शापासून भय नाही' ही आठवण एक दिवस राहते. तेच चाळीस स्पर्श रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत वाटून दिले तर ती आठवडेच्या आठवडे राहते. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा जाळणाऱ्यांस याहून अधिक काय सांगावे !

याच प्राण्यास धक्के देऊन दीर्घकाळ सावध राहण्यास शिकविले तेव्हा काय झाले, हे त्या मंडळींनी सांधे मोजून पाहिले. त्याच्या एका संवेदनापेशीस प्रथम सुमारे १,३०० टोके होती. शिकल्यानंतर ती सुमारे २,७०० झाली. म्हणजे आठवण ही केवळ वाऱ्यावरची गोष्ट नसून, तिच्यासाठी पेशीने नवी टोके फोडली होती, प्रथिने घडविली होती. मग दिवस लोटले, आठवण विरली, गोगलगाय पूर्ववत वागू लागली. पाहणाऱ्याने म्हटले असते, 'समदं इसरली.' पण टोके मोजली तर ती १,३०० वर आलेली नव्हती. ती १,५०० च्या आसपास थांबली होती.

हा जो दोनशेंचा फरक, तोच आमच्या या लेखाचा विषय आहे. वरून पाहता काही उरलेले नाही. आत मात्र काही उरलेले आहे. प्रभूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी कोठे पडले यावर भर आहे; बी पडल्यावर भुईच्या पोटात काय घडते हे पाहण्याची सोय आपल्या काळात झाली आहे, इतकेच. आपल्याकडील शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. वैशाखात बांधावरची हरळी वाळून पांढरी पडते, तिच्यावर पाय दिला तर कुरकुर वाजते. मृगाचे चार शिंतोडे पडले की तीच आठ दिवसांत हिरवी होते. ती कोणी नव्याने पेरलेली नसते.

गोगलगायीचे उदाहरण माणसास कसे लागू, असे कोणी विचारील. हेरमान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने, सिनॅप्स हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हा, १८८५ साली, स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी, काही काळाने विसरे, आणि पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी लागले हे मोजी. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश श्रम वाचत. एका महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश वाचत. विसरण्याचा वेग प्रथम फार असतो व पुढे तो मंदावतो. जे आठवड्यानंतर टिकले, त्यांतील बरेचसे महिन्यानंतरही टिकते. ही तर निरर्थक अक्षरांची कथा. समजून घेतलेल्या गणिताची याहून वाईट असण्याचे कारण नाही. पुढे २००९ साली म्युनिकजवळील मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत हेच डोळ्यांनी पाहिले. उंदराचा एक डोळा काही दिवस झाकून ठेवला तेव्हा मेंदूतील पेशींस नवे बारीक कोंब फुटले. डोळा उघडल्यावर दृष्टीचा कारभार पूर्वपदावर आला, कोंब मात्र तेथेच राहिले. दुसऱ्या खेपेस डोळा झाकला तर मेंदूने नवी व्यवस्था पहिल्यापेक्षा लवकर लावली, आणि त्यासाठी फारसे नवे कोंब फोडावे लागले नाहीत.

'मला आठवत नाही' हे मनुष्याचे म्हणणेसुद्धा संपूर्ण साक्ष मानता येत नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाच्या अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकण्यात आला. तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यास नवी ओळख, नवा प्रसंग असा ध्यानात राहिला नाही. ब्रेंडा मिलनर या विदुषीने त्यास आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली. तीन दिवस त्याने तो सराव केला, आणि दरदिवशी आपण हे पूर्वी कधी केलेच नाही असे तो समजे. पण हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला. आमच्या मुलांचे मेंदू तर, देवाची कृपा, धडधाकट आहेत.

येथे एका आक्षेपास उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते. आमच्या विवेचनाचा अर्थ, मुलांना खुशाल फडावर न्यावे, सर्व काही डोक्यात शिल्लक राहतेच, असा कोणी करील तर ती आमच्यावर मोठीच आपत्ती होईल. जे शिकलेच नाही त्याचा माग राहत नाही. पाच महिन्यांत वर्ग पुढे गेला, ते धडे त्या मुलापुरते न पेरलेलेच राहिले. गावोगावची हंगामी वसतिगृहे याचसाठी आहेत, आणि ज्यांस आजी-आजोबांपाशी किंवा वसतिगृहात मूल ठेवता येईल त्यांनी ते अवश्य ठेवावे. परंतु मुकादमाची उचल घेतलेल्या कुटुंबास प्रत्येक वेळी तो मार्ग मोकळा नसतो हे आम्ही जाणतो. थोरली मुलगी घरी ठेवली तर कोपीवर धाकट्यास कोण सांभाळणार, हा प्रश्न उपदेशाने सुटत नाही.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. परत आलेल्या मुलास पहिल्या दिवशी फळ्यापाशी बोलावीत नाही. दिवाळीपूर्वीचीच त्याची वही, त्याच्याच अक्षरातील, त्याच्यापुढे ठेवतो, आणि उत्तर झाकून ठेवून 'पुढे काय केले असशील ?' एवढेच विचारतो. उत्तर सांगून टाकण्यापेक्षा मुलाकडून ते काढविणे अधिक फलदायी असते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ साली दाखविले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात तो आठवड्यानंतर अधिक राहिला. गेल्या काही वर्षांत आम्ही दैनंदिनीत तारखा टिपून ठेवीत आलो. समीकरणांचे जे प्रकरण वर्गास दिवाळीपूर्वी बारा दिवस लागले, तेच फडावरून आलेल्या एका मुलीने चार दिवसांत पुन्हा हस्तगत केले. आमचा हा हिशेब एबिंगहाउसइतका काटेकोर नाही, पण आठ दिवस वाचले ते खरे.

आणि हसत नाही. दुसऱ्यांसही हसू देत नाही. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडल्या, आणि भीतीचे ठाणे जो अमिग्डला, तेथील फांद्या मात्र वाढल्या. उंदीर व मूल एक नव्हे, हे आम्हांस समजते. तथापि तो खडू हातात धरून उभा राहिलेला मुलगा आठवला की, त्या दिवशी त्याच्या मेंदूत आम्ही कोणता सांधा बळकट केला असेल, हा विचार आम्हांस सोडीत नाही.

पालकांस आमची एकच विनंती आहे. पट्टा मार्चअखेर किंवा एप्रिलात पडतो, आणि 'आता वर्ष संपलेच, जूनमध्ये पाहू' असे म्हणून पुष्कळ घरी मूल दीड-दोन महिने तसेच ठेवितात. तसे करू नये. बिऱ्हाड उतरविल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यास शाळेत पाठवावे, मग परीक्षेस चारच दिवस उरलेले का असेनात. अंघोळ झाली नसेल, गणवेश आखूड झाला असेल, वही पाचटात हरवली असेल, तरी चालेल. ज्यांची वही आमच्यापाशी ठेवलेली आहे त्यांची ती आमच्या खोलीतील कपाटात, खालच्या फळीवर, नावानिशी बांधून ठेवली आहे.