घासू नका, चूळ भरा!

पानाने तोंड रंगले तर रसिकता, मिश्रीने दात काळे झाले तर वहिवाट, दिवसाला आठ कप चहा रिचवून ते पिवळे पडले तर कामाचा ताण! लाल वाईनचा डाग मात्र दातांवर न पडता थेट चारित्र्यावर पडतो. त्यामुळे आमच्यातला सभ्य गृहस्थ मेजवानीहून परतला की चपला काढायच्या आधी मोरीत शिरतो आणि तांब्याचा बंब घासावा तसे दात घासत सुटतो.

माझे भांडण आहे ते या घासण्याशी. पिण्याशी नाही, ते ज्याचे त्याच्या यकृताने बघावे.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने वाईनसाठी द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. नाशिककडची शिराझ आपल्या तोंडी बसली, आणि दातांवरही. पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, हे शिकवणारे पुष्कळ निघाले. दातांचे बघायला मात्र घरगुती तज्ज्ञ! एक म्हणतो लिंबू चोळा, दुसरा म्हणतो मीठ, तिसरा कोळशाची पूड घेऊन हजर.

अहो, वाईन मुळातच आंबट. पाण्याचा पीएच ७, वाईनचा ३ ते ४. साधारण साडेपाचाच्या खाली दाताचे कवच विरघळू लागते. म्हणजे पिऊन झाल्यावर ते मऊ पडलेले असते, आणि नेमका तोच मुहूर्त साधून तुम्ही ते खरवडता! वर पुन्हा लिंबू! बंब चिंचेने लखलखतो, कारण आंबटाने वरचा थर सुटतो. बंबाला ते परवडते. दाताला नाही.

डाग बिचारा वरवरचा. द्राक्षाच्या सालीतला रंग टॅनिनच्या मदतीने दातावरच्या किटणाला धरून बसतो. दंतवैद्य तो काढून देतो. कवच मात्र गेले ते गेले. ते पुन्हा उगवत नाही. आणि त्याखालचा दात असतो पिवळा! चार दिवसांचा जांभळा घालवून जन्माचा पिवळा पदरात घेणे, याला काय म्हणावे?

‘म्हणून मी पांढरीच घेतो,’ असे म्हणणाऱ्यांनीही मिशीला पीळ देऊ नये. ती तितकीच आंबट. तिने कवच मऊ करून ठेवायचे आणि नंतरच्या चहाने रंगवायचे, अशी त्यांची भागीदारी असते.

ब्रश करायचाच तर जाण्याआधी करा. किटण नसले की रंगाला बूड टेकायला जागा कमी. एकच पेला तीन तास चघळत बसू नका. बरोबर चीज खा, अधूनमधून पाणी प्या. उठताना साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, आणि ब्रशला निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, हात लावू नका.

पानावरून उठताच ‘चूळ भर रे’ म्हणून ओरडणाऱ्या आज्या घरोघर होत्या. बाटली दिसली असती तर त्यांनी पाठीत धपाटा घातला असता. पण सल्ला हाच दिला असता.