निसर्गकविता आणि खारपाणपट्टा

ब्राझीलची कविता म्हटले की वाचकाच्या मनात प्रथम अमेझॉनचे अरण्य उभे राहते. अकोल्यातील पदव्युत्तर वर्गासाठी या विषयावर पाहुण्या अभ्यासकाचे व्याख्यान योजावयाचे झाल्यास आरंभ मात्र अरण्यापासून नव्हे, तर त्या देशाच्या ईशान्येकडील अवर्षणग्रस्त प्रदेशापासून, सेर्तांवपासून, व्हावा. जुआंव काब्राल द मेलू नेतू (१९२०-१९९९) यांनी १९५४-५५ मध्ये लिहिलेल्या पद्यनाट्यात सेव्हेरिनो हा निर्वासित शेतकरी कापिबारिबे नदीच्या काठाने रेसिफे शहराकडे चालत जातो. वाटेत एका शेतमजुराचे दफन चाललेले असते. परक्या जमिनीत राबलेल्या त्या माणसाच्या वाट्याला अखेर येते ती कबरीपुरती जमीन. येथे भूदृश्य आणि भूधारणा एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

मराठी समीक्षेने ती बव्हंशी वेगळी काढली आहेत. बालकवी (१८९०-१९१८) धरणगावचे, बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आसोद्याच्या. दोघांचाही जळगाव जिल्हा एकच. तरीही एक 'निसर्गकवी' आणि दुसरी 'लोककवयित्री'! निर्झर, पहाट, फुले हा निसर्ग. पेरणी, मोट, मळणी हे मात्र 'ग्रामजीवन'. ज्या दृश्यात माणूस राबताना दिसतो, त्याची रवानगी ग्रामीण साहित्याच्या प्रकरणात होते. 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलेली विठ्ठल वाघ यांची तिफणीची कविताही अनेकदा वऱ्हाडी बोलीचा नमुना म्हणूनच वाचली जाते.

वस्तुतः अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात भूगर्भातील पाणीच खारे आहे. विहीर असूनही ओलिताची हमी नाही. अशा पट्ट्यात मेघ हा सौंदर्याचा विषय होण्यापूर्वी हिशेबाचा विषय असतो. आभाळाकडे पाहण्याच्या या दृष्टीला निसर्गदृष्टी का म्हणू नये?

अर्थात ही तुलना ताणता कामा नये. सेर्तांवमध्ये मोठ्या जमीनदारीची छाया आहे. वऱ्हाडात रयतवारी पद्धतीचा महसूल आल्याने शेतकरी पुष्कळदा स्वतःच्या नावावरील जमिनीतच कर्जबाजारी होतो. त्याच्या दुःखाची भाषा त्यामुळे निराळी आहे.

बालकवींचेही पुनर्वाचन हवे. त्यांच्या 'औदुंबर'मध्ये लहानसे गाव आहे, शेते आहेत, त्यांतून जाणारी पायवाटही आहे. चर्चा मात्र दीर्घकाळ त्या झाडाच्या प्रतीकार्थाभोवतीच फिरत राहिली. दर्यापूर-तेल्हाऱ्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला ती शेते प्रथम दिसली, तर त्याचे वाचन चुकीचे ठरविण्याची घाई प्राध्यापकांनी करू नये.