कोंडातल्या माशावर हक्क कुणाचा?

महाड तालुक्यात वाळण गावाजवळ काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि डोहात महसीर जातीचे मोठमोठे मासे आहेत. भाविक त्यांना खाऊ टाकतात, परंतु त्यांना कुणी मारीत नाही. हा नियम विधिमंडळाने केलेला नाही आणि त्यासाठी सरकारी पहारेकरीही नेमलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण पाळणारा आणि पाळावयास लावणारा असा भेद त्यात नव्हता. देवराया आणि देवाचे डोह यांकडे निव्वळ अंधश्रद्धा म्हणून पाहण्याची सवय पुरोगामी मंडळींनाही आहे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून या श्रद्धांच्या पोटात दडलेली सामूहिक व्यवस्था दाखवून दिली, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले. सर्वांचे अर्थात उघडले नाहीत.

प्रश्न कोंडाबाहेरच्या माशांचा आहे. देवीची सत्ता डोहाच्या कडेपर्यंत चालते, मासा मात्र ती कड मानीत नाही. पावसाळ्याच्या आरंभी पाणी चढू लागले की तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर निघतो. रायगडच्या ग्रामीण भागात वलगणीचे मासे हा पहिल्या पावसाचा सोहळाच असतो. शिवडा असो वा मळ्या, त्या दिवसांत हाती लागणाऱ्या मादीचे पोट अंड्यांनी भरलेले असते. घरच्या कालवणापुरते चार मासे धरणाऱ्या कुटुंबाने नदी ओस पडत नाही. पण नदीच्या अरुंद तोंडाशी आडवे जाळे लावून टोपल्यांनी माल बाजारात धाडला, किंवा उन्हाळ्यात आटत आलेल्या डोहात सुरुंगाची दारू फोडली, तर एका दिवसात कित्येक वर्षांचे भांडवल खर्ची पडते. भांडवल हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. मोठी मादी लहान मादीच्या अनेक पटींनी अंडी देते. बाजार मात्र तिला किलोच्या भावाने, केवळ मांस म्हणून मोजतो. भावात न उतरणारे मूल्य विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही हिशेबाबाहेर राहते.

यावर शहरी हौशी गळकऱ्यांचा उपाय ठरलेला आहे. मोठ्या माशाच्या व्यापारी शिकारीला बंदी घाला, गळाने धरून परत पाण्यात सोडण्याच्या खेळाला परवाने द्या, गावाला पैसा मिळेल. पक्षकार्यकर्त्याच्या मनात येथे संशय उभा राहतो आणि तो अनाठायी नाही. एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३मध्ये आले, तेव्हापासून महसीर हा साहेबाच्या खेळाचा मासा ठरला. साहेब गेला तरी नदीकाठच्या कातकऱ्याला चोर आणि महागडी काठी घेऊन येणाऱ्याला संरक्षक समजण्याची वृत्ती गेलेली नाही.

तरीही कावेरीचा अनुभव झटकून टाकता येत नाही. १९७२मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतातील वन्यजीव संघटनेने आणि पुढे कर्नाटक सरकारच्याच कंपनीने तेथे गळाच्या खेळाची शिबिरे चालविली. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांतलेच काही जण राखणदार झाले, कारण जिवंत माशावर त्यांचा पगार अवलंबून होता. पुढे अभयारण्यातील पाण्यात हा खेळ बेकायदा ठरून शिबिरे बंद पडली आणि राखणदारांची रोजी गेली. त्याच कावेरीत दुसरा धडाही आहे. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात, १९७०च्या दशकापासून चि. वि. कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून, महसीरची पैदास झाली. ते काम मोठेच होते. पण तिथली पिल्ले कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडधारी महसीरची जागा परक्या जातीने व्यापली. २०१८मध्ये हा कुबडधारी मासा अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. खेळासाठी नदी भरणे आणि नदी राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सावित्रीत उद्या कुणी बाहेरचे बीज सोडण्याची योजना आणली, तर हे आठवणीत असावे.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. पाण्यात स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७च्या मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. १९८१चा सागरी मासेमारी कायदा पावसाळी बंदीला आधार देतो, परंतु पोलादपूरच्या ओढ्यांपर्यंत तो पोहोचत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आणि व्यापारी हेतूने जैविक संपत्ती गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार त्यांना दिला. २००६च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रातील पाणवठ्यांवरील मासे हा सामूहिक हक्क मानला आणि ते पाणी राखण्याचे अधिकार ग्रामसभेकडे सोपविले. हे अधिकार कागदावर राहिले तर दोष दिल्ली-मुंबईचा जितका, तितकाच ते न मागणाऱ्या कार्यकर्त्यांचाही आहे.

मागणी काय असावी? महाबळेश्वरहून उतरून पोलादपूर-महाडवरून बाणकोटकडे जाणाऱ्या सावित्रीच्या गोड्या पाण्यात, तसेच काळ आणि गांधारी नद्यांत, वलगणीच्या दिवसांत विक्रीसाठीचे जाळे बंद ठेवावे. ठराविक लांबीपेक्षा मोठा महसीर बाजारात येऊ नये. कातकरी, भोई आणि गावकरी यांच्या घरच्या कालवणाला यातून स्पष्ट सूट असावी, अन्यथा बंदीचा पहिला दंड त्यांच्याच डोक्यावर बसेल आणि ठेकेदार सुटेल. बंदीच्या महिन्यांत ज्यांची रोजी जाते त्यांना राखणीचे काम आणि त्याची मजुरी मिळावी. गळकऱ्यांना यावयाचे असेल तर ग्रामसभेच्या परवान्याने यावे, शुल्क ग्रामसभेत जमा करावे आणि वाळणकोंडापासून दूर राहावे. नदीचा एकही तुकडा कुठल्या क्लबाला किंवा विश्रामगृहाला भाडेपट्ट्याने देण्यास मात्र ठाम विरोध झाला पाहिजे. पाणी कुणाचे हा प्रश्न २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर ज्या महाडात विचारला गेला, तेथे पैसेवाल्यांसाठी पाण्याला कुंपण पडणे खपवून घेता येणार नाही.

माशावरचे संकट एकट्या जाळ्याचे नाही, हेही सांगितले पाहिजे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. जुलै २०२१च्या महापुरानंतर पात्रातील गाळ काढण्याची महाडकरांची मागणी पुढे आली. ती रास्तच आहे. परंतु यंत्र चालविणाऱ्याला गाळ आणि अंडी घालण्याची खडकाळ जागा यांतला फरक कोण दाखविणार?

मुळा-मुठेतील ‘खुडरी’ माशाची शास्त्रीय नोंद करणारे कर्नल साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते आणि त्यांनी १८३९मध्ये त्या माशाला नाव दिले ते इथल्या मराठी नावावरूनच. मोजणी करणारा परका, नाव सांगणारा इथला. महाड-पोलादपूरच्या ग्रामसभांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या हद्दीतील कोंडांची आणि माशांची यादी स्वतः करावी. कातकरी वाडीतल्या म्हाताऱ्यांना त्यासाठी बोलवावे आणि त्या कामाचा मेहनताना त्यांना द्यावा.