आमच्या दुःखाला बासरी लावू नका

विदर्भातल्या कास्तकारावर व्हिडिओ करायचा म्हटलं की त्याची कृती ठरलेली आहे. भेगाळलेली जमीन, वरून फिरणारा ड्रोन, कपाळाला हात लावलेला म्हातारा आणि मागे बासरी. दोन मिनिटांत बघणाऱ्याचे डोळे ओले होतात, अंगठा वर सरकतो, पुढची रील सुरू. हे दुःख कुणाला टोचत नाही. टोचू नये म्हणूनच ते गोड केलेलं असतं.

वाशिम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये राहून मी हे व्हिडिओ बघतो, तेव्हा त्यातलं काहीच ओळखीचं वाटत नाही. आमची जमीन काळी आहे. सोयाबीन हातचं जातं ते बरेचदा पाऊस न आल्यामुळे नाही, ऐन सोंगणीत आल्यामुळे. आणि पीक वाचलं तर भाव मारतो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात लोक त्याच्या खाली विकत होते. यात बासरी कुठे बसते? या सगळ्याचा खरा आवाज ऐकायचा असेल तर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास शिवारात या. थ्रेशर ऐकू येईल. दिवसभर एकाच पट्टीत किंचाळणारा, कानात भुसा भरणारा, शेजारच्याशी ओरडूनच बोलायला लावणारा. आमच्या भागाचं पार्श्वसंगीत ते आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की काळोखं आणि कर्कश संगीत हे शहरातल्या पोरांचं फॅड नाही. ज्यांच्या वाट्याला टोचणारं जगणं आलंय त्यांचा त्या संगीतावर सगळ्यात आधीचा हक्क आहे. आणि आम्हाला ‘शांत, सुरेल, अर्थपूर्ण’ काहीतरी ऐका असं सांगणारे लोक, त्यांना कळो ना कळो, आम्हाला गप्प राहायला सांगत असतात.

सुरुवात जिथून झाली तिथूनच बघू. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथून धरतात. हे चौघं बर्मिंगहॅमचे, म्हणजे कारखान्यांच्या शहरातले. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या तारा दाबायच्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला, म्हणजे दाबताना दुखू नये. आज जगभर ज्या जाड, काळ्या आवाजाला मेटल म्हणतात, त्यात कामावर तुटलेल्या बोटांचा वाटा आहे. समीक्षकांनी त्या अल्बमला नावं ठेवली. पोरांनी तो विकत घेतला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या दहात नेऊन बसवला. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी मशीनवर होतं त्यांना तो आवाज समजावून सांगावा लागला नाही. थ्रेशरच्या पट्ट्यात किंवा मळणीयंत्रात बोट गेलेला माणूस आमच्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. फरक इतकाच की त्याच्या बोटाचं अजून गाणं झालं नाही.

आता नेहमीचा आरोप. असली गाणी ऐकून पोरं बिघडतात, उदास होतात, जिवाचं बरंवाईट करून घेतात. हा आरोप जुना आहे आणि तो कोर्टात तपासलाही गेलाय. १९९० मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या रीनो शहरात ‘जुडास प्रीस्ट’ या बँडवर खटला चालला. गाण्यात छुपे शब्द घालून दोन तरुणांना मरणाकडे ढकललं, असा दावा होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला.

आपल्याकडे याच प्रश्नावर चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) आहे. त्यात एका लोकशाहिरावर आरोप येतो, की त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगारानं आत्महत्या केली. शाहिराची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली होती, २०२१ च्या कोरोनात ते गेले. सिनेमा हळूहळू दाखवत जातो, की गटारात विषारी वायू होता आणि कामगाराकडे संरक्षणाचं साधन नव्हतं. पण व्यवस्थेला गटार तपासण्यापेक्षा गाणं तपासणं सोपं जातं. मला वाटतं, काळोख्या संगीतावर आजवर झालेल्या प्रत्येक आरोपाचं उत्तर या एका सिनेमात आहे.

आणि आमच्या भागात तर हा आरोप ऐकून हसावं की चिडावं कळत नाही. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. चिलगव्हाण यवतमाळ जिल्ह्यात, आमच्यापासून फार लांब नाही. त्या दिवसाची आठवण ठेवून आजही दर १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशिम होता. तेव्हा कुणाच्या कानात हेडफोन होते? कुठला मेटल बँड तेव्हा आमच्या गावात पोचला होता? भाव, कर्ज, पाणी, रात्रीची लाइन यांना सोडून गाण्याची चौकशी करायची असेल तर त्याला काळजी म्हणत नाहीत.

समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र बाजूला सारता येत नाही: कर्ट कोबेन. ‘निर्वाणा’चा गायक, एप्रिल १९९४ मध्ये २७ व्या वर्षी गेला. मग गाण्यानं त्याला वाचवलं का? नाही वाचवलं. त्याचं हेरॉइनचं व्यसन, वर्षानुवर्षांचं पोटाचं दुखणं, हे सगळं उघड आहे. गाणं औषध नाही आणि मी ते औषध म्हणून विकत नाहीये. ज्याला खरंच आतून बुडाल्यासारखं वाटतंय त्यानं माणसाशी बोलावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे. पण गाण्यानं वाचवलं नाही म्हणजे गाण्यानं मारलं, असं होत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी मेटल ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी राग आणला आणि मग त्यातल्या साधारण निम्म्यांना त्यांचं आवडतं संगीत ऐकवलं, बाकीच्यांना शांत बसवलं. राग वाढला नाही; ऐकणाऱ्यांना उलट उभारी आली. ३९ माणसांवरून जगाचा निकाल लावू नये हे मान्य. पण बिघडवतं म्हणणाऱ्यांनाही तोच नियम लागतो.

दुसरा आरोप संस्कृतीचा. ‘हे आपलं नाही.’ कुणाचं नाही? वऱ्हाडात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एक जण ओरडून झडती म्हणतो, शेवटी सगळा जमाव ‘हर हर महादेव’ करतो. त्या झडत्यांमध्ये सावकार सुटत नाही, पाटील सुटत नाही, सरकार सुटत नाही. ताल आहे, यमक आहे, शिवी आहे, प्रतिसाद देणारी गर्दी आहे. यालाच न्यूयॉर्कमध्ये रॅप म्हणाले. बंजारा तांड्यावरच्या लग्नात नवरी ढावलो म्हणते. गाणं कुठे संपतं आणि रडणं कुठे सुरू होतं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, आणि कुणी तिला ‘सुरात रड’ म्हणत नाही. आणि गाडगेबाबांचं कीर्तन? ते कानाला गोड लागावं म्हणून नव्हतंच. समोरच्या माणसाला उभं-आडवं विचारायचे: देव कुठे राहतो, कर्ज काढून जत्रेला कशाला जाता, दारू कशाला पिता. टोचण्याची आमची परंपरा जुनी आहे. गुळगुळीत करण्याची सवय नवीन आहे आणि ती कॅसेट कंपन्या आणि टीव्हीनं लावली.

आता आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडण. काळोखं संगीत ऐकणाऱ्यांत एक जात असते, जिला जे कुणालाच माहीत नाही तेच भारी वाटतं. गाणं गाजलं की ते यांच्या मनातून उतरतं. ही मला सरळ सरळ मिजास वाटते. निर्वाणाचा ‘इन युटेरो’ (१९९३) घ्या. आधीचा ‘नेव्हरमाइंड’ इतका चालला होता, की १९९२ च्या जानेवारीत त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेत पहिल्या नंबरवरून खाली ओढलं. पुढचा अल्बम तसाच गुळगुळीत करता आला असता. त्यांनी स्टीव्ह अल्बिनीला बोलावलं. त्यानं ठरलेले पैसे घेतले, रॉयल्टी नाकारली आणि खोलीतला खरखरीत आवाज आहे तसा पकडला. कंपनी नाराज झाली, दोनेक गाणी दुसऱ्याकडून सौम्य करून घेतली गेली. तरीही अल्बम आला तो पहिल्या नंबरवर. माझ्या मते ‘नेव्हरमाइंड’पेक्षा तो मोठा आहे. त्यांच्याकडे लाखो लोक बघत होते, आणि अशा वेळी त्यांनी गोड व्हायचं नाकारलं. लोकप्रिय असणं हा गुन्हा नाही. लोकप्रियतेसाठी दात काढून ठेवणं, हे वाईट.

‘सैराट’कडे (२०१६) मी असाच बघतो. चार गाण्यांचा अल्बम, अजय-अतुलचा, आणि ‘झिंगाट’ माहीत नसेल असं गाव महाराष्ट्रात नसेल. उत्तम काम आहे, त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी मी भांडेन. पण त्या सिनेमातला सगळ्यात काळोखा ‘ट्रॅक’ अल्बममध्ये नाही. तो शेवटी आहे, जिथे नागराज मंजुळेंनी आवाजच बंद केला. लहान लेकराची पावलं, आणि काही नाही. बासरी नाही, व्हायोलिन नाही. आपण काय केलं? चार गाणी उचलली आणि ती शांतता थिएटरमध्येच ठेवून आलो. ज्या लग्नात मुलीची जात बघून सोयरीक ठरते त्याच लग्नात ‘झिंगाट’वर वरात नाचते. यात गाण्याचा दोष नाही. आपण ऐकणारे अर्धवट आहोत.

‘मग डीजे पण कर्कशच की!’ असं कुणीतरी म्हणणारच. नाही. मोठा आवाज आणि कर्कश संगीत यांत फरक आहे. कायद्यानं वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चौकात बेसचे डबे लावले की ती कशी पाळली जाते ते तुम्ही छातीत अनुभवलंय. पण त्या डब्यांतून येतं काय? तीच गोड चाल, तोच ‘धक’. तो आवाज कुणालाच प्रश्न विचारत नाही, फक्त म्हाताऱ्या माणसाची झोप घेतो. ‘पब्लिक एनिमी’नं १९८८ च्या अल्बममध्ये सायरन आणि तुकड्यांवर तुकडे रचून जो गोंगाट केला, त्यातला प्रत्येक थर कुठल्यातरी गोष्टीकडे बोट दाखवतो. तो हळू आवाजातही टोचतो. परीक्षा हीच: आवाज निम्मा करा. जे उरतं ते संगीत.

मराठीत हे होतंच नाही असंही नाही. ‘गली बॉय’च्या (२०१९) ‘इंडिया ९१’ गाण्यात अमरावतीचा १००आरबीएच आहे. ‘सौ’ आकडा आणि पुढे ‘रभ’, म्हणजे सौरभ. त्याच वर्षी मुंबईच्या ‘स्वदेसी’नं आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ केलं. पण ही सुटी गाणी झाली. मला अल्बम हवाय. दिल्लीच्या टिळक नगरमधल्या प्रभ दीपनं २०१७ मध्ये ‘क्लास-सिख’ केला. सेझच्या बीट्सवर एका मोहल्ल्याची नशा, भीती, १९८४ ची सावली, सगळं एका बैठकीत. ऐकून झालं की ती गल्ली तुम्हाला माहीत होते. असा अल्बम सोयाबीनच्या पट्ट्यातून का नाही? एक फोन, एक माइक, थ्रेशरचा आवाज, रात्री दोनला लाइन आल्यावर सुरू होणाऱ्या मोटरची घरघर, बाजार समितीतला लिलाव, पोळ्याची झडती. सामान सगळं आहे. ‘यावर कोण नाचणार?’ हा प्रश्न तेवढा डोक्यातून काढायला हवा.

आणि ऐकणाऱ्यांनीही आपलं काम करावं. ३० सेकंदांच्या तुकड्यात काळोख मावत नाही. तुकड्यात फक्त गोडवा मावतो, म्हणून तर रीलला बासरी लागते. अल्बमला चाळीस मिनिटं लागतात: कंटाळा येऊ द्यावा लागतो, एखादं गाणं न आवडता ऐकावं लागतं. रात्री मोटर सुरू करायला शेतात जाणाऱ्याकडे तेवढा वेळ असतो. ‘इन युटेरो’ लावा, ‘क्लास-सिख’ लावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. नाही आवडलं तर शिव्या घाला, पण पूर्ण ऐकून घाला.

बासरीवाल्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी आमच्यावर व्हिडिओ कराल तेव्हा संगीत टाकूच नका. माइक उघडा ठेवा. थ्रेशर चालू असेल, माणूस ओरडून काहीतरी सांगत असेल. ते नीट ऐकू येणार नाही. मग थोडं जवळ या.