पुढची शर्यत सातपुड्याच्या पायथ्याशी भरवा

प्रति,
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा,
आणि राज्यातील सायकलिंग संघटनेचे मा. पदाधिकारी,



१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. आधी शहरातली छोटी प्रोलॉग फेरी, मग चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. मुळशी, मावळ, भोर, राजगड, पुरंदर, बारामती असा घाटमाथ्यापासून पठारापर्यंतचा मार्ग. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ श्रेणीची टप्प्याटप्प्यांची रस्ता-शर्यत देशात पहिल्यांदाच भरली आणि ती महाराष्ट्रात भरली, याबद्दल आपलं मनापासून अभिनंदन. आम्ही ती इकडे संग्रामपूर तालुक्यात मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. भोरकडच्या चढाला लागलेला सायकलस्वारांचा ताफा आणि बांधावर उभी राहून टाळ्या वाजवणारी गावं पाहताना जे वाटलं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मागणी एकच आहे. अशी पुढची शर्यत बुलढाणा जिल्ह्यात भरवा, घाटाखालून सुरू करून घाटावर न्या, आणि तिचा पहिला टप्पा सातपुड्याच्या पायथ्याने, संग्रामपूर तालुक्यातून जाऊ द्या.

सायकल आमच्याकडे कोण चालवतं ते आधी सांगतो, कारण या मागणीचं मूळ तिथेच आहे. मानव विकास कार्यक्रमाखालच्या तालुक्यांत संग्रामपूर येतो. या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते, आणि लांबच्या गावांसाठी एसटीच्या निळ्या गाड्या धावतात. संध्याकाळी शाळा सुटल्यावर वरवट बकाल, सोनाळा, टुनकी, पातुर्डा यांपैकी कुठल्याही गावाबाहेर उभं राहा. दोन-दोन, तीन-तीनच्या रांगेत सायकली बाहेर पडतात. पुढे जाळीची टोपली, टोपलीत डबा आणि पाण्याची बाटली, मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्याने आवळलेलं दप्तर, चेनकव्हर एका बाजूने सुटून खडखडतंय. गिअर नाही. समोरून कापसाची गाडी किंवा संत्र्याचा ट्रक आला की पुढची मुलगी घंटी वाजवते आणि सगळी रांग डांबरावरून खाली उतरते. उतरायला साइडपट्टी असतेच असं नाही. बऱ्याच ठिकाणी डांबराची कड वीतभर उंच राहिलेली आणि खाली भेगाळलेली काळी माती. चाक त्या कडेला घासलं की तोल जातो. परत वर चढताना सायकलवरून उतरावंच लागतं. हे रोजचं आहे, दोन्ही वेळचं.

आता दुसरी सायकल पाहा. यूसीआयच्या नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. म्हणजे तिथे वजन फार कमी होऊ नये म्हणून नियम करावा लागतो. आमच्या मुलींची सायकल त्याच्या दुपटीहून खूपच जड, वर दप्तर वेगळं. तरीही त्या रोज वाऱ्याच्या तोंडावर चालवतात. जगातले उत्तम सायकलपटू ज्या रस्त्यावरून जातील तो रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी या मुलींच्या वाट्याला यावा, यापेक्षा चांगलं कारण शर्यत भरवायला मला सुचत नाही.

पुण्याच्या शर्यतीआधी त्या मार्गावरचे रस्ते नव्याने करण्यात आले. ते करावेच लागतात. शंभर-दीडशे सायकली एकमेकींना चिकटून ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने धावतात. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो आणि ताकद वाचते, म्हणून कोणी अंतर सोडत नाही. अशा ताफ्यात एका खड्ड्याने वीस जण आडवे होतात. त्यामुळे खड्डा, उंच गतिरोधक, उघडी मोरी, सैल खडी, सगळं आधी शोधून दुरुस्त करावं लागतं. आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांना एवढ्या बारकाईने पाहणारी दुसरी कुठली यंत्रणा मला माहीत नाही.

पण इथे एक अट घालतो. आमचा रस्ता काळ्या मातीवरचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि वरचं डांबर सोबत ओढत नेते. नुसता वरून पातळ थर टाकला तर शर्यतीच्या दिवशी तो आरशासारखा दिसेल आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा उखडेल. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पूर आला, त्यात शेतांबरोबर रस्ते आणि पूलही खरडले गेले. तेव्हा कामाच्या अंदाजपत्रकात खालचा मुरमाचा भराव, दोन्ही बाजूंच्या पक्क्या साइडपट्ट्या, पाणी वाहून नेणाऱ्या चाऱ्या आणि मोठ्या मोऱ्या यांची तरतूद आधी हवी, डांबराची नंतर. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी शर्यतीच्या तारखेवर संपू नये. किमान काही पावसाळे त्यात यावेत आणि त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती कोणी करायची हे फलकावर लिहिलेलं असावं, गावकऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात.

मार्गाबद्दल. बुलढाण्यात आम्ही माणसाची ओळख करून देतानाही घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतो. जिल्ह्याची रचनाच तशी आहे. उत्तरेला सातपुडा, मधे पूर्णेचं सपाट खोरं, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा कडा आणि त्यावर बुलढाणा शहर. टप्प्यांच्या शर्यतीला आणखी काय हवं? पहिला टप्पा शेगावहून निघून पूर्णा ओलांडून वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा, टुनकी असा सातपुड्याला समांतर जाऊन जळगाव जामोदला संपवता येईल. इथे चढ थोडा, वारा मात्र भरपूर. वेगवान स्वारांचा दिवस. दुसऱ्या टप्प्यात नांदुरा, मोताळा आणि मग राजूर घाट चढून बुलढाणा. तिथे खरी चाळणी लागेल. तिसरा टप्पा चिखली, मेहकर करत लोणारला, उल्कापाताने झालेल्या सरोवराच्या काठी. शेवटचा टप्पा सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मगावी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. राजूर घाटालाही असा एक राजा मिळू द्या.

वनखात्याला विचारल्याशिवाय मात्र एक पाऊलही टाकू नका. तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. छायाचित्रं सुंदर येतात म्हणून शर्यत त्या जंगलात नेण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरा. मार्ग जंगलाच्या सीमेबाहेरच्या सध्याच्याच डांबरी रस्त्याने जावा, हेलिकॉप्टर आणि ड्रोन जंगलावरून फिरू नयेत, ध्वनिक्षेपक गावातच राहावेत. बोथा घाटाऐवजी राजूर घाट सुचवतो त्याचंही कारण हेच, कारण बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. याच ज्ञानगंगेत २०१९ साली टिपेश्वरहून एक वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक चालून पोहोचला होता. त्या प्रवाशाच्या घरात गोंगाट नको.

‘एवढ्या लांब, एवढ्या मागास भागात गर्दी आणि बंदोबस्त कसा सांभाळायचा?’ असा प्रश्न बैठकीत नक्की येईल. त्यावर शेगावकडे बोट दाखवावं. श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव या अखेरच्या वाटचालीत लाखोंचा समुदाय रस्त्यावर असतो. त्या दिवशी वाहतूक वळवणं, पाणी पुरवणं, रुग्णवाहिकेला वाट ठेवणं, मागे उरलेला कचरा उचलणं हे सगळं पोलीस, सेवेकरी आणि गावकरी मिळून करतात. रस्ता मोकळा ठेवून कडेला शिस्तीत उभं कसं राहायचं हे या जिल्ह्याला शिकवावं लागणार नाही. उलट सायकल-शर्यत पाहायला तिकीट नसतं आणि मैदान लागत नाही, हा खेळ दारात येतो. आमच्यासारख्या भागाला परवडणारा एवढा मोठा दुसरा खेळ नाही.

डोंगराळ आणि गरीब प्रदेशाने सायकलच्या जोरावर नाव काढल्याची उदाहरणं बाहेर आहेत. रवांडा घ्या. टेकड्यांचा देश, सायकलवर बटाट्याची पोती लादून उतारावरून नेणारी पोरं. त्यांची ‘टूर दु रवांडा’ २००९ पासून यूसीआयच्या वेळापत्रकात आहे. त्याच देशाचा आद्रियाँ नियोनशुती २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आफ्रिकेतली पहिली जागतिक रस्ता सायकलिंग स्पर्धा किगालीत झाली. १९९४ च्या नरसंहारातून वर आलेल्या देशाने हे तीस वर्षांत केलं. कोलंबियाचा नायरो किंताना डोंगरातल्या शेतकरी घरातला, सायकलने शाळेत जाणारा. २०१४ ची जिरो द’इटालिया त्याने जिंकली. शाळेच्या रस्त्यावरून तयार होणारा सायकलपटू ही कल्पना तिकडे खरी ठरली आहे.

आणि विदर्भात तरी काय कमी आहे? नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटे आणि सुशीकला आगाशे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून सायकल चालवून आल्या. दोघी खेड्यातल्याच. घाटाखालच्या गावांतून अशी एखादी निघणार नाही, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का? मी तरी सांगू शकत नाही. आज कोणी ती शोधत नाही, एवढंच खरं.

म्हणून या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची विनंती आता करतो. पहिल्या टप्प्याच्या दिवशी रस्ता तसाही काही तास बंद राहणार. मुख्य ताफा येण्याआधी त्यातला एक तास आमच्या शाळकरी मुलींना द्या. वरवट बकाल ते संग्रामपूर एवढंच अंतर ठेवा. त्यांच्याच सायकली, टोपली आणि कॅरिअरसकट. शर्यतीसारखीच वेळेची नोंद, शर्यतीसारखाच पंच, शेवटी तोच मंच आणि तेच निवेदक. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचे आणि संघटनेचे प्रशिक्षक त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहावेत, हातात घड्याळ आणि वही घेऊन. ज्या दहा-पंधरा मुली जड सायकलवर चांगली वेळ नोंदवतील त्यांना निवासी प्रशिक्षणाची संधी, खर्चासह, त्याच आठवड्यात जाहीर व्हावी. त्यांच्या घरच्यांशी बोलायला महिला प्रशिक्षक गावात यावी. आई-बापाचा जीव तेव्हाच थाऱ्यावर राहील.

शर्यतीसाठी पाणी लागेल, त्याचीही एक गोष्ट. आमचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. पूर्णेकाठच्या गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजाराने घरंच्या घरं पोखरली आहेत. स्पर्धकांसाठी बाटल्यांचे ट्रक येतील, यायलाच हवेत. त्यांच्याबरोबर मार्गावरच्या प्रत्येक शाळेत शुद्ध पाण्याचं यंत्र बसवा आणि त्याची देखभाल शर्यतीच्या खर्चात धरा. स्वारांनी फेकलेल्या रिकाम्या बाटल्या कपाशीच्या शेतात पडू नयेत म्हणून ठरलेली जागा ठेवा. महिना डिसेंबर किंवा जानेवारी ठेवा. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेव्हा कोणालाही रस्त्यावर आणू नका. कापूस वेचणीचे दिवस असतील तर रस्ता बंद ठेवण्याच्या वेळा ग्रामपंचायतींशी बोलून आधी आठवडाभर दवंडीने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, म्हणजे जिनिंगला निघालेली गाडी अडकून शेतकऱ्याचा दिवस बुडणार नाही.

खर्च मोठा आहे हे कळतं. एकदम आंतरराष्ट्रीय श्रेणी झेपणार नसेल तर पहिल्या वर्षी राष्ट्रीय पातळीची, तीन टप्प्यांची शर्यत भरवा. मुलींचा तो एक तास मात्र पहिल्याच वर्षी हवा. आणि रस्ता पहिल्याच वर्षी पक्का हवा. बाकी सगळं वाढवत नेता येईल.

निर्णयाआधी एक पाहणी करा. शेगावला मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या थांबतात, तिथून संग्रामपूर मोटारीने तासाभराच्या आत आहे. मार्ग आखणारा माणूस पाठवा, जमलं तर आपणही या. पाहणी पावसाळ्याच्या शेवटी करा, म्हणजे रस्त्याची खरी अवस्था दिसेल. वेळ शाळा सुटण्याची धरा, आणि शेवटचे पाच किलोमीटर मोटारीतून उतरून त्या मुलींबरोबर सायकलने या. सायकलची व्यवस्था आम्ही करतो.

आपला विश्वासू,
संग्रामपूर तालुक्यातील एक नागरिक