एका खाटेसाठी दोन विद्या

नेफ्रॉलॉजी आणि अतिदक्षता वैद्यक या शाखा भारतात वेगवेगळ्या शिकवल्या जातात. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमडी, त्यापुढे तीन वर्षे डीएम. पण ते डीएम एकतर किडनीचे, नाहीतर आयसीयूचे. अमेरिकेत नेफ्रॉलॉजीच्या दोन वर्षांना अतिदक्षतेचे एक वर्ष जोडून एकाच डॉक्टरला दोन्हींत तयार करण्याची वाट आहे. ती इथे आणावी म्हटले की सर्वांत जोरकस आक्षेप जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांकडे बोट दाखवून घेतला जातो: जिथे एका शाखेचा तज्ज्ञ टिकवताना नाकी नऊ येतात, तिथे दोन शाखांचा डॉक्टर मागणे ही चैन आहे. याखेरीज, दोन दगडांवर पाय ठेवणारा कुठल्याच विद्येत पुरा उतरत नाही, आणि गरज पडली तर किडनीच्या डॉक्टरला फोन करून बोलावता येतेच, असेही म्हटले जाते.

दोन दगडांची उपमा इतिहासाला धरून नाही. दगड मुळात एकच होता. 1941 मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांच्या किडन्या काही दिवसांत बंद पडतात, हे बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवले. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये 1943 साली बनवलेल्या फिरत्या ड्रमच्या डायलिसिस यंत्राने 1945 मध्ये पहिला जीव वाचवला, तोही अचानक किडनी निकामी झालेल्या बेशुद्ध बाईचा. कोरियन युद्धात डायलिसिसचे यंत्र थेट जखमी सैनिकांसाठी नेले गेले. वर्षानुवर्षे आठवड्याला ठरल्या वारी होणारे डायलिसिस 1960 मध्ये स्क्रिब्नर यांच्या शंटनंतर, म्हणजे रक्तवाहिन्यांना जोडून ठेवता येणाऱ्या नळीनंतर आले, आणि किडनीचा डॉक्टर गंभीर रुग्णाच्या खाटेपासून हळूहळू डायलिसिसच्या वेगळ्या खोलीत गेला. इटलीचे रोंको आणि ऑस्ट्रेलियाचे बेलोमो यांनी 1990 च्या दशकात ‘क्रिटिकल केअर नेफ्रॉलॉजी’ हे नाव रूढ केले, ते या तुटलेल्या सांध्याचेच.

फोन पुरेसा आहे का, हे खानदेशातल्या पावसाळ्यात पाहावे. कपाशीची निंदणी करणाऱ्या बाईला घोणस चावते. काचेच्या कोरड्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनंतरही गोठत नाही. प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सुरू होतात. लघवीची पिशवी काळपट तांबडी होते, मग भरायचीच थांबते. पन्नास किलो वजनाला तासाला 25 मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास, म्हणजे किडनीला इजा झालीच. याच वेळी विषाने केशवाहिन्या झिरपू लागलेल्या असतात: रक्तदाब 80 वर, तो चढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू, आणि फुफ्फुसांत मात्र पाणी. रक्तदाबाकडे पाहणारा सलाइन वाढवा म्हणतो, किडनीकडे पाहणारा पाणी काढा म्हणतो. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात, आणि बाईला त्याचा काही उपयोग नसतो.

नेहमीचे चार तासांचे डायलिसिस मिनिटाला 300 मिलिलिटरच्या वेगाने लावले तर तिचा रक्तदाब कोसळतो. तेच यंत्र 150 वर आणून आठ तास सावकाश चालवता येते. याला स्लेड म्हणतात. सततच्या डायलिसिसचे महागडे यंत्र नसलेल्या गावात ही मोठी सोय आहे. पण रक्त आधीच गोठत नसल्याने, ते यंत्रात गोठू नये म्हणून द्यायचे हेपरिन देता येत नाही, फिल्टर सलाइनने धूत राहावा लागतो. मेरोपेनेमसारखे प्रतिजैविक रक्तातून यंत्रात निघून जाते, तेव्हा त्याचा डोस आणि वेळ बदलावी लागते. व्हेंटिलेटर, पंप, फिल्टर आणि औषध यांचा हिशेब तासातासाला एकाच डोक्यात चालावा लागतो. रात्री दोन वाजता केलेला फोन तो हिशेब करू शकत नाही.

उन्हाळ्यातही तेच. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या घरात गेला की उष्माघातात स्नायू विरघळून किडनी तुंबते, पोटॅशियम चढते आणि हृदय अडखळते.

आता चैनीचा मुद्दा. मुंबईत एका खाटेपाशी दोन तज्ज्ञ उभे करता येतात; तिथे दोन्ही विद्या जाणणारा डॉक्टर ही खरोखर चैन ठरू शकेल. जळगावहून छत्रपती संभाजीनगर अजिंठ्याचा घाट धरून सुमारे 160 किलोमीटर, धुळ्याहून नाशिकही जवळपास तितकेच. नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या पंपावरचा रुग्ण एवढ्या अंतरावर रेफर करणे धोक्याचे. तज्ज्ञ कमी म्हणूनच एकाला दोन्ही यायला हवे. टंचाईच्या घरात एकच भांडे चार कामांना येते.

असा डॉक्टर ऊठसूट डायलिसिस लावील, ही भीतीही खरी नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय या सुमारे 3,000 रुग्णांच्या चाचणीत, निकड नसताना लवकर डायलिसिस लावल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. वाचलेल्यांत 90 दिवसांनंतरही यंत्रावर राहिलेले मात्र जास्त निघाले. थांबायचे कधी, हे शिकायलाच आयसीयूत राहावे लागते.

आक्षेपकांचे एक म्हणणे मात्र मान्य करावे लागते. दोन पूर्ण डीएम करायला लावणे म्हणजे माणसाची उमेद घालवणे, आणि एकटा डॉक्टर चोवीस तास पुरत नाही. म्हणून नेफ्रॉलॉजीच्या डीएमनंतर अतिदक्षतेचे एकच वर्ष असावे, आणि त्यातले काही महिने जिल्ह्यात जावेत. एमडीच्या विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने पाठवण्याची पद्धत आहेच. सोबत आयसीयूतल्या नर्स आणि डायलिसिस तंत्रज्ञ तयार व्हावेत, खाटेपर्यंत आरओचे पाणी यावे. नाहीतर पदवी भिंतीवरच राहील.

धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला 2018 पासून शासकीय महाविद्यालय आहे. अशा अभ्यासक्रमाच्या पहिल्या नेमणुका या दोन ठिकाणी, आणि पावसाळ्याआधी, जूनच्या आत द्याव्यात.