कोयत्याआधी सुतळी

हा अंक हाती पडेल तेव्हा मे महिना लागलेला असेल. कोकणातल्या बागायतदाराला मे आता पूर्वीसारखा निर्धास्त वाटत नाही. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढले. वर्ष पुरे व्हायच्या आत, २०२१ च्या मेमध्ये, तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून उत्तरेकडे गेले, तेव्हा झाडांवर आंबे होते. दोन्ही वेळी रस्ते मोकळे करायला करवती निघाल्या, आणि त्या निघायलाच हव्या होत्या. पण रस्ते मोकळे झाल्यावर त्याच करवती बागेत शिरल्या, आणि वाचू शकली असती अशीही कितीतरी कलमे बुंध्यातून कापली गेली. या संपादकीयाचे म्हणणे एवढेच आहे : खोड मोडले म्हणजे झाड मेले असे नाही, आणि ते ठरवायला पहिल्या दिवशी हातात कोयता नव्हे, सुतळी हवी.

बागायतदाराची खरी मिळकत जमिनीखाली असते. आंब्याचे कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरू लागते आणि पुरते भरात यायला आणखी बरीच वर्षे घेते. तेवढ्या काळात मुळांनी जांभ्याच्या भेगांतून वाट काढलेली असते. वरचे खोड मोडले तरी हे मूळ जागेवर असते. झाड तोडून नवे रोप लावताना आपण त्या सगळ्या वर्षांवर पाणी सोडतो. म्हणून तोडण्याचा निर्णय सगळ्यांत शेवटी घ्यावा.

त्याआधी खोडात काय मोडले आहे ते पाहायला हवे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ओलसर, बुळबुळीत असा एक पातळ थर असतो. शास्त्रात त्याला कॅम्बियम म्हणतात. खोडाची सगळी जाडी हा थर वाढवतो : आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल. पानांत तयार झालेले अन्न सालीतून मुळांकडे उतरते, मुळांनी ओढलेले पाणी लाकडातून वर चढते. कलम बांधताना आपण दोन झाडांचे हेच थर एकमेकांना भिडवतो. मोडलेले खोड सांधणे हे त्याच विद्येचे पुढचे पाऊल आहे. ज्याला कलम बांधता येते त्याला हे कामही येते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. मोडलेले लाकूड पुन्हा कधीच जुळत नाही. आपल्या हाडासारखा झाडाचा सांधा आतून भरत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे करवतीने चिरून हे दाखवून दिले. झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही, तो भिंती घालून वेगळा टाकते आणि त्यावरून नवी वाढ ओढून घेते. म्हणजे सांध्याला ताकद येते ती बाहेरून चढणाऱ्या नव्या लाकडाची. ते चढेपर्यंत खोडाचा भार आपण दिलेल्या आधारानेच पेलायचा असतो. मनगटाएवढे खोड एक-दोन हंगामांत सावरते. मांडीएवढे खोड आडवे तुटले असेल तर कितीही बांधले तरी तो भार पेलण्याइतके नवे लाकूड वेळेत चढत नाही. तिथे सांधण्याचा हट्ट धरू नये.

म्हणून मोडलेल्या झाडापाशी गेल्यावर दोन प्रश्न विचारावेत. पहिला, साल किती शाबूत आहे? खोड कलले, फाटले, पण एका बाजूची साल सलग राहिली असेल तर अन्नाची वाट उघडी आहे. घेराच्या निम्म्याहून अधिक साल शाबूत असेल तर नक्की प्रयत्न करावा. त्याहून कमी असली तरी तरुण झाडाला संधी द्यायला हरकत नाही. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : मोड कलमाच्या सांध्याच्या वर आहे की खाली? सांध्याच्या वर मोडले असेल तर सांध्याच्या वरून फुटणारा धुमारा हापूसचाच असेल. खाली मोडले असेल तर फुटेल तो खुंट, म्हणजे रायवळ. बागायतदार मोठ्या मायेने तो वाढवतो आणि काही वर्षांनी आंबा भलताच निघतो. अशा ठिकाणी जोमदार दोन-तीन धुमारे राखून त्यांच्यावर खात्रीच्या मातृवृक्षाची काडी आणून मृदकाष्ठ पद्धतीने कलम करावे. मूळ जुने असल्याने ते रोपवाटिकेतल्या नव्या कलमापेक्षा लवकर मोठे होते.

आता प्रत्यक्ष काम. उघडा पडलेला कॅम्बियम उन्हावाऱ्यात काही तासांतच सुकतो. त्यामुळे माणसे जमेपर्यंत जखमेवर ओले गोणपाट टाकून ठेवावे. मोडाच्या वरच्या फांद्या विरळ करून भार हलका करावा, मगच खोड उचलावे. उलट क्रमाने केले तर उचलतानाच उरलेली साल फाटते. फाटीत अडकलेली माती आणि लाकडाच्या ढलप्या काढाव्यात, फाटलेल्या सालीच्या कडा धारदार चाकूने साफ कराव्यात आणि दोन्ही बाजू मूळ जागी चपखल बसवाव्यात. भोवती बांबूच्या तीन-चार कामट्या लावाव्यात, त्यांच्या आत गोणपाटाची घडी घालावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळावे. ट्यूब ताण देते आणि खोड वाढले की थोडी सैलही होते. नायलॉनची दोरी सालीवर थेट कधीच बांधू नये. शेवटी दोन बाजूंनी टेकू द्यावेत, म्हणजे वारा सांधा हलवणार नाही. रोज हलणारा सांधा कधी धरत नाही.

बोर्डो पेस्टबद्दल एक चूक सर्रास होते. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी ही पेस्ट कापलेल्या फांद्यांच्या तोंडांना आणि जखमेच्या बाहेरच्या अंगाला लावावी. सांध्याच्या आत ती भरू नये. तांब्यामुळे बुरशी मरते, तसा नाजूक कॅम्बियमही पोळतो. आत शेण-माती भरण्याची जुनी सवयही सोडावी, कारण दोन थरांमध्ये काहीही आले की ते भिडत नाहीत.

बेचक्यात दुभंगलेल्या मोठ्या झाडाची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरून तार गुंडाळायचा मोह होतो आणि तीच तार पुढे सालीत रुतून झाडाला फास लावते. त्यापेक्षा दोन्ही फांद्या दोराने जवळ ओढून, आरपार भोक पाडून आटे पाडलेली सळई घालावी आणि दोन्ही टोकांना रुंद वॉशर व नट आवळावेत. खोडात भोक पाडणे क्रूर वाटते, पण झाड त्या सळईभोवती भिंत घालून वाढते. तारेच्या फासाला झाडाकडे उत्तर नसते.

बुंध्याची साल चहूबाजूंनी खरवडली गेली असेल तर सेतू कलमाचा उपाय आहे. जखमेच्या खालच्या आणि वरच्या सालीत लांब काड्यांची दोन्ही टोके खोचून अन्नासाठी पूल बांधायचा. काड्या अंतरापेक्षा थोड्या लांब घेऊन कमानीसारख्या ठेवाव्यात आणि त्यांची वरची बाजू वरच राहील याची काळजी घ्यावी. उलटी लावलेली काडी झाडाच्या कामाची नाही.

यानंतरचे वर्ष धीराचे असते. वरचा पसारा कमी झाल्याने उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याची सफेदी द्यावी, नाहीतर उन्हाने साल भाजते. खतांचा मारा करू नये. जखमेच्या वासाने आंब्याला भिरूड आणि काजूला रोठा गाठतात, म्हणून भुसा किंवा डिंक दिसतो का ते आठवड्याला पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये बागेला पॅक्लोब्युट्राझोल देताना हे झाड वगळावे. पहिल्या हिवाळ्यातला मोहोर खुडावा. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या झाडाकडून त्याच वर्षी फळ मागणे अन्याय आहे. बांधलेल्या पट्ट्या दर दोन महिन्यांनी सैल करून पुन्हा बांधाव्यात.

काही झाडांपुढे मात्र हात टेकावे लागतात. नारळ-सुपारीत कॅम्बियम नसतो आणि वाढीचा कोंब एकच असतो. खोड मध्ये मोडले की ते झाड संपले. मुळासकट कललेला तरुण माड तेवढा उभा करून वाचवता येतो. केळीचे खोड तर पानांच्या देठांचेच बनलेले, ते मोडले की एक जोमदार पील राखावे.

एक कारण मात्र वादळाच्या माथी मारता येणार नाही. तीन-चार वर्षांची अनेक कलमे मोडतात ती नेमकी सांध्यावर. रोपवाटिकेत बांधलेली प्लास्टिकची पट्टी लागवडीनंतर काढलेलीच नसते. खोड फुगते, पट्टी रुतते, सांध्याला कंबर पडते आणि पहिल्या जोराच्या वाऱ्याला झाड तिथेच तुटते. या आठवड्यात बागेत एक फेरी मारा आणि प्रत्येक तरुण कलमाच्या सांध्यावरून बोट फिरवा. पट्टी लागली तर कापा. त्यासाठी वादळाच्या इशाऱ्याची वाट पाहू नका.

प्रशासनालाही एक विनंती. पंचनामा होईपर्यंत झाडाला हात लावला तर भरपाई बुडेल, या भीतीने बागायतदार थांबतो. तलाठी येईपर्यंत चार-आठ दिवस जातात आणि पहिल्या दिवशी वाचू शकणारे झाड तोवर खरोखरच मरते. मोबाइलवर काढलेले, तारीख आणि ठिकाण नोंदवलेले छायाचित्र पंचनाम्यात पुरावा म्हणून धरावे. आडव्या झालेल्या झाडाइतकाच सांधून उभ्या केलेल्या झाडाचाही त्यात हिशेब व्हावा. त्या झाडाचे दोन-तीन वर्षांचे उत्पन्न गेलेले असते आणि ते वाचवायला मजुरी लागलेली असते. झाड वाचवणाऱ्याला झाड तोडणाऱ्यापेक्षा कमी मिळणार असेल, तर बागा तुटतच राहतील.

बागायतदार मित्रहो, मिरगाआधी एक पिशवी भरून पडवीत टांगून ठेवा : ट्यूबच्या पट्ट्या, गोणपाट, सुतळी, कामट्या, धारदार चाकू, मोरचूद आणि चुना. वादळ येऊन गेले की आधी घरची माणसे आणि गुरे पाहा, लोंबणाऱ्या विजेच्या तारांपासून दूर राहा, आणि मग ही पिशवी घेऊन बागेत जा. कोयता दुसऱ्या दिवशीही मिळेल.